पहिल्या गोणीचा वास

प्रिय ईरा आणि नील,

गेल्या रविवारी फोनवर ईराने विचारलं, "आजी, ऋचा मावशीचं ते छोटं यंत्र चाललं का?" मी "चाललं" म्हणाले, तेवढ्यात नीलला भूक लागली आणि बोलणं तिथंच राहिलं. खरं उत्तर एका शब्दात मावणारं नाही. ते चालण्याआधी सात वेळा चाललं नव्हतं, आणि का चालत नव्हतं हे ज्या आठवड्यात कळलं, त्या आठवड्यात मी तिथे होते. कर्जत आणि खालापूरच्या बाजूला दहा-बारा दिवस काढून मी नुकतीच पुण्याला परतले आहे. डायरीत रोजच्या नोंदी आहेत, पण त्या फक्त मला कळतील अशा. तुम्ही तो भाग पाहिलेला नाही, म्हणून आठवण ताजी आहे तोवर नीट लिहून काढते. तुमचं मराठी वाचन सावकाश चालतं हे मला माहीत आहे. सावकाशच वाचा, घाई नाही.

ऋचा म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची, सुमनची, मुलगी. तुमच्या आईची मावसबहीण. मी तिच्याकडे गेले ती खरं तर सुमनचा निरोप घेऊन. ऋचाच्या प्रयोगाला एकदा फार चांगलं यश आलं होतं, नंतर एकदाही नाही. तिचे मार्गदर्शक सर म्हणत होते, जे यश आलं त्याच्यावर लेख लिहून पाठवू, बाकीचं पुढे पाहू. ऋचा तयार नव्हती. सरांनी तिला शनिवारपर्यंत विचार करायला सांगितलं होतं. सुमनचं म्हणणं असं की पोरगी दोन वर्षांचं काम हातचं घालवते आहे, "ताई, तुझं ती ऐकेल, तू जा." म्हणून मी गेले.

सोमवार, चौक

कर्जतला उतरले तेव्हा ऋचा स्कूटर घेऊन उभी होती. या वयात मी स्कूटरवर मागे बसेन की नाही अशी तिला शंका होती. मी पिशवी मांडीवर घेतली आणि बसले. चौक गावापर्यंतचा रस्ता शेतांमधून जातो. जानेवारीत भात कापून झालेलं असतं. आपल्याकडे पुण्याच्या बाजूला अशा वेळी विहिरीचं पाणी द्यावं लागतं. इथे भाताच्या खुंटांमध्येच, जमिनीत उरलेल्या ओलीवर, वाल पेरतात आणि तो आपला आपण वाढतो. सगळीकडे गुडघ्याएवढा हिरवा वाल होता आणि मागे प्रबळगडाची सरळ कापलेली भिंत.

ऋचाच्या दोन खोल्या लोधिवलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहेत. जेवायला तिने मुगाची खिचडी केली होती, थोडी करपलेली. मी निरोप जेवणानंतर सांगायचं ठरवलं होतं, पण तिनेच आधी विषय काढला.

"आईने पाठवलंय ना तुला? सांगून टाक, म्हणजे दोघींना नीट झोप लागेल."

मी सांगितलं. सर खोटं लिहायला सांगत नाहीयेत, जे झालं तेवढंच लिही, असंही मी म्हणाले. तिने ताटं उचलली आणि मोरीशी उभी राहून विचारलं, "मावशी, तू तीस वर्षं ग्रंथालय सांभाळलंस. एखादं पुस्तक कपाटात एकदाच दिसलं आणि नंतर कुणालाच सापडलं नाही, तर ते आहे म्हणून तू यादीत ठेवलं असतंस?"

मी म्हणाले, मी आधी ते शोधलं असतं.

"मी वर्षभर तेच करतेय," ती म्हणाली.

मंगळवार, प्रयोगशाळा

ती काय शोधत होती ते आधी सांगते. भाताच्या दाण्यावर जे टरफल असतं ते तूस. भाताचं रोप जमिनीतून वाळूचा अंश शोषून घेतं आणि टरफलात साठवतं. म्हणून तूस हाताला खरखरीत लागतं. ते बेताच्या आचेवर जाळलं की बाकीचं सगळं जळून जातं आणि पांढरी भुकटी उरते. तिला सिलिका म्हणतात. तिचे कण इतके बारीक की तुमच्या एका केसाच्या जाडीत हजारभर शेजारी शेजारी बसतील. एवढ्या मापाच्या गोष्टींवर जे काम चालतं ते नॅनो तंत्रज्ञान. या कणांना त्याहूनही बारीक भोकं असतात आणि हवेतली ओल त्यांत शिरते. ऋचा ही भुकटी नखाएवढ्या काचेच्या चकतीवर लेपते. चकतीवर धातूच्या दोन नक्ष्या असतात, दोन कंगव्यांचे दात एकमेकांत न टेकता अडकवावेत तशा. लेपात ओल शिरली की एकीकडून दुसरीकडे वीज सहज जाते, ओल गेली की अडते. मीटरवरच्या आकड्यावरून ओल किती ते कळतं. अशी चकती भाताच्या कणगीत ठेवली तर भात बुरसण्याआधीच घरच्यांना कळेल, हा तिचा हेतू.

कॉलेज खालापूरच्या बाजूला आहे आणि प्रयोगशाळा सगळ्यात टोकाची खोली. तूस जाळायची भट्टी म्हणजे मला विटांचं काहीतरी वाटलं होतं. ती निघाली तुमच्या घरच्या मायक्रोवेव्हपेक्षा थोडी मोठी पेटी. काचेची भांडी धुणं आणि तूस चाळणं ही कामं काशीबाई करते. ती डोंगरापायथ्याच्या ठाकरवाडीतून येते, पन्नाशीची आहे आणि ऋचाला अजिबात घाबरत नाही.

ऋचाने मला दोन चकत्या दाखवल्या. पहिली त्या यशस्वी खेपेची. तिने तिच्यावर हलका श्वास सोडला, आकडा झर्रकन वर गेला आणि तिने दुसरा श्वास घेईपर्यंत खाली आला. दुसरी चकती सातव्या खेपेची. आकडा वर गेला आणि तिथेच बसून राहिला. पाच मिनिटांनीही उतरेना.

"ही ओल सोडतच नाही," ऋचा म्हणाली. "मग कणगीतलं भात सुकलं तरी ही ओलंच म्हणत राहणार."

भुकटीतही फरक होता. पहिल्या बाटलीतली पिठासारखी पांढरी. बाकी सगळ्या करड्या, मध्येमध्ये काळे ठिपके. तुसात क्षार असतात, ते आचेत वितळून कोळशाचे कण धरून ठेवतात आणि नंतर ओलही धरून ठेवतात. आम्लाने तूस धुतलं तर क्षार निघून जातात, पण ते जहाल आम्ल नंतर ओतायचं कुठे? शिवाय गावातल्या बाईलाही करता यावी अशी रीत ऋचाला हवी होती, म्हणून तिने आम्ल घ्यायचं नाही असं ठरवलेलं. आणि आम्लाशिवाय ती गोष्ट एकदा, फक्त एकदा, झाली होती. तूस देणारी गिरणी तीच, भट्टी तीच, आच तीच, वेळ तोच.

मलाही श्वास सोडून पाहायचा होता. मी सातव्या खेपेच्या चकतीवर गरम चहावर घालतात तशी फुंकर घातली आणि लेपच उडाला.

"आजीनं निकाल लावला," काशीबाई मोरीकडून म्हणाली.

मला आता दुसऱ्या कशालाही हात लावू नये असं वाटलं, म्हणून मी नोंदवही मागितली. ऋचाची वही पाहून मला फार बरं वाटलं. प्रत्येक खेपेला एक पान, आखलेले रकाने: गोण कधी आली, वजन, चाळणी कोणी केली, आच किती, वेळ किती. नोंदवह्या वाचायची मला सवय आहे. मी एकेक रकाना वरून खाली वाचते, आडवा नाही. चाळणीच्या रकान्यात सात वेळा "काशीबाई" होतं. पहिल्या पानावर "ऋचा" होतं.

मी विचारलं, पहिली गोण तू का चाळलीस? ऋचा म्हणाली, काशीबाई रजेवर असेल.

"रजेवर नव्हते," काशीबाई पाठमोरीच म्हणाली. "मीच नाय म्हनले."

"का गं?"

"वास मारत व्हतं ते तूस. आंबट, शिळ्या भातावानी. मी म्हनले, हात नाय लावनार. तुमाला सर्दी झालेली, तुमाला कुटं काय कळत व्हतं."

"मग तेव्हा सांगितलं नाहीस?"

"सांगितलं की. तुमी म्हनला, असू दे गं."

ऋचा खुर्चीत बसली. वर्षभर तिने आच बदलून पाहिली होती, वेळ बदलून पाहिली होती, भाताची जातही बदलून पाहिली होती. वासाचा रकाना वहीत नव्हता.

बुधवार, कर्जत

गिरणीवर आम्ही काशीबाईलाही एसटीने बोलावून घेतलं. ऋचा म्हणाली, माझ्या नाकावर माझा आता विश्वास नाही.

सलीमभाईंची भातगिरणी कर्जतच्या बाहेर, उल्हास नदीच्या अलीकडच्या एका गावात आहे. त्यांचे आजोबा श्रीवर्धनच्या बाजूने इथे आले. बोलणं आता पुरतं इथलं झालं आहे. पन्नाशीचे, गंभीर चेहऱ्याचे, आणि पाहुण्यांना उभं ठेवणं ज्यांना सहन होत नाही अशांपैकी. आम्ही पोचलो तेव्हा ते दोन ढिगांमधलं भात तपासत होते. एक दाणा दाढेखाली धरायचा आणि दाबायचा. कट्ट वाजलं तर भात सुकलं. नुसतं दबलं तर अजून दोन उन्हं द्यायची. ऋचाने तिची चांगली चकती दोन्ही ढिगांत ठेवून पाहिली. मीटरने तेच सांगितलं.

"यंत्र बरोबर हाय," सलीमभाई म्हणाले. "माजी दाढ पडली की घेईन."

मग ऋचाने पहिल्या गोणीबद्दल विचारलं आणि त्यांचा चेहरा बदलला. तूस सगळं इथलंच, म्हणाले. एकच गिरणी, एकच तूस, फरक कसला असणार. चहा मागवला. चहा आल्यावर बिस्किटं मागवली. बिस्किटं आल्यावर कामगाराला पट्टा तपासायला सांगायला उठून गेले. हा माणूस काहीतरी लपवतो आहे असं मला वाटलं, आणि ते बरोबरच होतं. फक्त काय लपवतो आहे ते मी चुकीचं ओळखलं. मला वाटलं, त्याने तेव्हा दुसऱ्याच कुठल्या गिरणीतलं तूस दिलं असावं.

ते परत आल्यावर ऋचाने कप खाली ठेवला. "सलीमभाई, मी तक्रार करायला आलेले नाही. त्या एका गोणीतून माझं काम झालं, नंतर एकाही नाही. त्या गोणीत काय होतं ते कळलं नाही तर शनिवारी मला सरांना सांगावं लागेल की झालेलं काम खोडून टाका. एवढंच आहे."

सलीमभाईंनी बिस्किटांची बशी बाजूला सारली. मग ते म्हणाले, "घरी चला. जेवूनच बोलू."

घर गिरणीच्या मागेच. आम्ही परसदारी वळलो आणि काशीबाई पदर नाकाला लावून थांबली. "ह्योच," ती म्हणाली. "ह्योच वास."

परसात दोन मोठे टोप मांडले होते. त्यांत सालीसकट भात पाण्यात भिजत होतं, वर बारीक फेस. शेजारी एका पाटावर सलीमभाईंच्या आई बसल्या होत्या, हलीमाबी. ऐंशीच्या जवळ आलेल्या, लहान चणीच्या, हाताच्या शिरा दोरीसारख्या. त्यांनी आधी आम्हाला पाहिलं, मग मुलाला.

"ह्याच त्या कॉलेजच्या बाई?" त्यांनी विचारलं. "वर्सभर हा मला विचारू देत नाय, काय पाटवतो त्यांना. म्हणे चांगलं पाटवतो."

मग सलीमभाईंनी सांगितलं, ते असं. त्यांच्या घरात किनाऱ्याकडच्या रीतीने अजून उकड्या तांदळाची पेज खातात. भात सालीसकट भिजवायचं, उकडायचं, वाळवायचं आणि मग भरडायचं. घरापुरतं भात वर्षातून एकदोनदा गिरणीवर वेगळं काढतात, त्याचं तूस वेगळं ठेवतात. पहिल्या वेळी कामगाराने चुकून घरच्या तुसाची गोण कॉलेजच्या टेंपोत टाकली. सलीमभाईंना संध्याकाळी कळलं तेव्हा त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. कॉलेजातल्या बाईला, पहिल्याच वेळी, वास मारणारं तूस. दोन दिवसांनी ऋचाचा फोन आला की फार छान तूस होतं, असंच पाठवत जा. त्यांना वाटलं, बाई सभ्य आहेत, तोंडावर बोलत नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी सगळ्यात बारीक तांदळाचं, दोनदा पाखडलेलं, उन्हात तापवलेलं स्वच्छ तूस तिच्यासाठी बाजूला काढायला सुरुवात केली.

"दुसऱ्या कुणाला तसं देत नाय," ते म्हणाले. "फक्त तुमाला."

ऋचाला हसावं की रडावं कळेना. काशीबाईला कळलं. ती परसाच्या भिंतीला धरून हसत सुटली, आणि मग हलीमाबीही हसायला लागल्या, पोराकडे बोट दाखवून. सलीमभाई मात्र हसले नाहीत. ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, "मला वाटलं मान राखतो."

मग हलीमाबींनी रीत सांगितली. भात तीन दिवस भिजवायचं. रोज अर्धं पाणी काढायचं, अर्धं नवं घालायचं. सगळं बदलायचं नाही, "सगळं बदललं तं पानी धरत नाय." पाणी धरणं म्हणजे आंबणं. तिसऱ्या दिवशी दाण्याला नखाने दाबून पाहायचं आणि मग चुलीवर टोप चढवायचा. ऋचाने पर्समधून कागदाच्या पट्ट्या काढल्या, आंबट पाण्यात तांबड्या होतात त्या, आणि एक टोपात बुडवली. दुसरा दिवस होता. पट्टी लगेच तांबडी झाली.

तुमच्या शाळेत शिकवलं असेल, आंबट म्हणजे आम्ल. दही ज्या कारणाने आंबट होतं त्याच कारणाने हे पाणी होतं. तीन दिवस भात या सौम्य आम्लात बसतं आणि टरफलातले क्षार पाण्यात उतरतात. जहाल आम्ल विकत आणून जे काम करतात ते इथे टोपात आपोआप होत होतं. ऋचा परसाच्या पायरीवर बसली आणि पट्टी हातात धरून राहिली. हलीमाबींना वाटलं तिला घेरी आली. त्यांनी सुनेला हाक मारून पाणी मागवलं.

सुनेचं नाव रेहाना. जेवण तिनेच वाढलं. उकड्या तांदळाची घट्ट पेज, ओल्या खोबऱ्याची चटणी, वालाचं बिरडं, आणि मी मासे खात नाही कळल्यावर सुकटीचं ताट माझ्यापासून हातभर लांब सरकवलं. पेजेला तो वास जवळजवळ नसतो. एक खमंगपणा असतो. आपल्या घरी पेज आजारी माणसाला देतात. इथे ती कामाला जाणाऱ्या माणसाचं न्याहारीचं आणि दुपारचं अन्न आहे. काशीबाईने दोनदा घेतली.

"खायला बरी हाय," ती म्हणाली. "वासच तेवढा."

"भिजताना मारतो," हलीमाबी म्हणाल्या. "तुजं तोंड नाय का मारत सकाळी."

घरच्या तुसाची एक गोण शिल्लक होती. हलीमाबी ते तूस जाळून दात घासायला राखुंडी करतात. त्यांनी आपल्यापुरतं टोपलीभर काढून घेतलं आणि बाकी गोण दिली. स्कूटरवर ती मावेना, म्हणून सलीमभाईंनी टेंपो काढला आणि स्वतः चालवत खालापूरपर्यंत आले. वाटेत त्यांनी मला सांगितलं की अम्मीने आता हे थांबवावं असं ते दरवर्षी म्हणतात. टोप जड, वय झालं, शेजाऱ्यांना वास येतो. या वर्षी तर ठरवलंच होतं.

गुरुवार, ठाकरवाडी

सकाळी तूस भट्टीत गेलं. या भट्टीचा नियम असा की आच पुरी झाल्यावर दार उघडायचं नाही, आतल्या आत थंड होऊ द्यायचं. म्हणजे शुक्रवार सकाळपर्यंत काही करण्यासारखं नव्हतं. काशीबाईने पाहिलं की ऋचा खोलीतून हलत नाही. तिने फर्मान काढलं की दोघींनी वाडीवर पोपटीला यायचं.

पोपटी हा या भागातला थंडीचा प्रकार आहे. मडक्यात भांबुर्डा नावाच्या रानझुडपाचा पाला घालायचा, त्यावर वालाच्या शेंगा, रताळी, वांगी, मीठ, ओवा, वर परत पाला. मग मडकं शेतात उपडं ठेवून सगळीकडून गवत आणि काटक्यांनी पेटवायचं. पाणी एक थेंब घालत नाहीत. शेंगा स्वतःच्याच वाफेवर शिजतात आणि पाल्याचा उग्र, औषधी वास त्यांत उतरतो. उन्हं उतरत होती, समोर माथेरानचा डोंगर तांबूस दिसत होता. मी आयुष्यात शेंगा इतक्या खाल्ल्या नव्हत्या. बोटं काळी झाली आणि माझा पांढरा रुमाल कायमचा गेला.

ऋचा मात्र शेंग हातात घेऊन घड्याळ पाहत होती. काशीबाईने तिच्या हातातली शेंग घेतली, सोलली आणि दाणे परत तिच्या हातात ठेवले.

"तुमी बगितल्यानं भट्टी थंड व्हनार हाय का?"

"नाही," ऋचा म्हणाली.

"मग खा."

तिने खाल्लं.

शुक्रवार आणि शनिवार

भट्टीतून वाटी बाहेर आली तेव्हा भुकटी पांढरी होती. काशीबाईने नाक जवळ नेलं आणि सांगितलं की वास गेला. दुपारपर्यंत तीन चकत्या तयार झाल्या. या वेळी मी लांब उभी राहिले. ऋचाने श्वास सोडला, आकडा चढला, आणि मी मनात चार मोजेपर्यंत उतरला. दुसरी चकती तशीच. तिसरीही.

मला वाटलं ती नाचेल. ती वहीत लिहीत राहिली. नवीन रकाना आखला: वास. मग म्हणाली, "एकदा तर आधीही झालं होतं, मावशी. आता झालंय दुसऱ्यांदा, आणि तेही त्याच घरच्या तुसातून. मी स्वतः भिजवून करेन तेव्हा खरं."

शनिवारी सकाळी ऋचाने सरांना फोन केला. मी बाजूलाच बसले होते. तिने सांगितलं की आता लेख पाठवायचा नाही, कारण सापडलंय असं वाटतंय आणि आणखी तीन खेपा लागतील. सरांनी बरेच प्रश्न विचारले. शेवटी म्हणाले की थांबू, आणि त्या टोपातलं पाणी एका बाटलीत भरून मलाही दाखव. तुम्हालाच सांगते, मला ते सर तेव्हापासून आवडले.

त्यानंतर मी सुमनला फोन करून कळवलं की तू सोपवलेलं काम माझ्याकडून झालं नाही. ती म्हणाली, मला वाटलंच होतं, आणि मग विचारलं की पोरगी जेवते का.

पुढचे पाच दिवस

मी मुक्काम वाढवला. खालापूरच्या त्या प्रयोगशाळेत तीन बादल्या मांडल्या गेल्या. एकीत हलीमाबींच्या रीतीने सालीसकट भात. दुसरीत सलीमभाईंचं ते दोनदा पाखडलेलं स्वच्छ तूस, साध्या पाण्यात. तिसरीत तेच स्वच्छ तूस, पण हलीमाबी रोज जे अर्धं आंबट पाणी परसात ओतून टाकतात त्यात. त्यासाठी त्यांनी टोपांत पुन्हा नवं भात भिजत घातलं होतं, आणि ते पाणी सलीमभाई रोज सकाळी कॅनमध्ये भरून स्वतः आणून देत. पाणी बदलण्याची वेळ पाळायचं काम माझ्याकडे होतं. दुसऱ्या मजल्यावरून तक्रार आली की वास येतो. काशीबाईने वर जाऊन सांगितलं की यायलाच पाहिजे.

साध्या पाण्यातल्या तुसाची भुकटी करडी निघाली. भिजवलेल्या भाताच्या तुसाची पांढरी. आणि आंबट पाण्यातल्या त्या स्वच्छ तुसाचीही पांढरी. तिच्या चकतीवरचा आकडा वर गेला आणि उतरला. दुसऱ्यांदा केलं, उतरला. तिसऱ्यांदा केलं तेव्हा ऋचाने मीटर माझ्याकडे फिरवला आणि म्हणाली, "तू वाच." मी वाचला. तिने वहीत लिहिला, खाली रेघ मारली, आणि मग टेबलावर डोकं ठेवून बराच वेळ तशीच राहिली. काशीबाईने तिच्या पाठीवर ओला हात ठेवला.

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही हलीमाबींना सांगायला गेलो. ऋचाने त्यांना विचारलं की लेखात तुमचं नाव लिहू का, रीत तुमची आहे.

"माजी कुटली," त्या म्हणाल्या. "माज्या सासूची. तिचं लिव. नाय तं पान्याचं लिव, काम तर पानीच करतं."

ऋचाने दोघींचीही नावं लिहून घेतली. मग हलीमाबींनी सलीमभाईंना बोलावून आमच्यासमोर विचारलं, "आता सांग. बंद करू का?"

सलीमभाई म्हणाले, "बंद कसं करनार. म्याडमना पानी लागतं." आणि मग, "टोप मी उचलीन."

रेहाना त्या वेळी परसात होती. टोपातलं अर्धं पाणी तिने कॅनमध्ये काढलं, अर्धं नवं घातलं, आणि सासूकडे पाहिलं. हलीमाबींनी पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि मान हलवली.

मी सलीमभाईंना विचारलं की या गावांमधून भात उकडणारी आणखी घरं किती. गिरणी त्यांची, कोण काय भरडायला आणतं ते त्यांना ठाऊक असतं. पूर्वी बरीच होती, ते म्हणाले. आता त्यांच्या माहितीत एकच आहे, त्यांचं. ते चालू आहे.

तुमची आजी